टाइम झोन, तारखा आणि कॅलेंडर: प्रोग्रामरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारीख-वेळेच्या कोडबद्दल माझ्याकडे येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, पण कोणतंही उत्तर एकटं वाचलं तरी चालेल. कोडचे तुकडे मुद्दाम दिलेले नाहीत. या विषयातली चूक सिंटॅक्समध्ये क्वचितच असते. आपल्या हातातली वेळ नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे न ठरवताच कोड लिहायला घेतलं की ती होते.

१. टाइम झोन आणि ऑफसेट यांत फरक काय? मी "उणे ०५:००" साठवतो, तेवढं पुरत नाही का?

पुरत नाही. ऑफसेट म्हणजे एका विशिष्ट क्षणी तिथलं घड्याळ यूटीसीच्या (जगभरच्या समान संदर्भ वेळेच्या) किती पुढे किंवा मागे आहे तो आकडा. टाइम झोन म्हणजे तो आकडा आजवर केव्हा केव्हा बदलला आणि पुढे केव्हा बदलणार, याच्या नियमांचा संच. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे पाच तासांवर असतं आणि उन्हाळ्यात उणे चारवर. लिमा वर्षभर उणे पाचवरच असतं. त्यामुळे नुसत्या "उणे ०५:००" वरून माणूस न्यूयॉर्कमध्ये आहे की लिमामध्ये हे कळत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच्या घड्याळात किती वाजलेले असतील हे तर मुळीच सांगता येत नाही.

ऑफसेट पूर्ण तासांचेच असतात असंही धरून चालू नका. भारत +५:३०, नेपाळ +५:४५, चॅटम बेटं +१२:४५. किरिबातीची लाइन बेटं +१४ वर आहेत, म्हणजे ऑफसेट बाराच्या पुढे जात नाही हा समजही चुकीचा. लॉर्ड हाऊ बेटावर उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करण्याची पद्धत) लागू होते तेव्हा घड्याळ फक्त अर्धा तास पुढे जातं. ऑफसेटसाठी पूर्णांक तासांचा कॉलम केला असेल तर तो आजच बदला.

२. मग झोन कोणत्या नावाने साठवायचा? "आयएसटी", "सीएसटी" चालेल का?

चालणार नाही. "आयएसटी" भारतासाठी वापरतात, इस्राएलसाठीही आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेसाठीही. "सीएसटी" म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती वेळ, चीनची वेळ किंवा क्यूबाची वेळ. ही लघुरूपं फार तर माणसाला दाखवायला वापरा, पार्स करायला, म्हणजे मजकुरातून वेळ वाचून घ्यायला, कधीच नको.

साठवायचं ते आयाना डेटाबेसमधलं, म्हणजे जगभरच्या झोनच्या नियमांच्या सामायिक यादीतलं नाव: "अमेरिका/न्यूयॉर्क", "युरोप/बर्लिन", "एशिया/कोलकाता". याच डेटाबेसमधल्या "ईटीसी/जीएमटी+५" सारख्या नावांपासून मात्र सावध राहा. त्यांतलं चिन्ह पोझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टीमच्या मानकाच्या) जुन्या पद्धतीमुळे उलटं असतं, म्हणजे "+५" लिहिलेलं असताना अर्थ यूटीसीच्या पाच तास मागे असा होतो.

३. "सगळं यूटीसीमध्ये साठवा" असं सगळेच सांगतात. ते बरोबर आहे ना?

घडून गेलेल्या गोष्टींसाठी अगदी बरोबर आहे. पैसे जमा झाले, लॉग लिहिला गेला, संदेश पोचला, हे सगळे क्षण आहेत. क्षण एकदा घडला की कुठल्याही सरकारच्या निर्णयाने तो हलत नाही.

भविष्यातल्या भेटीसाठी हाच सल्ला घातक ठरतो. मेक्सिको सिटीतल्या कुणीतरी २०२२ च्या सुरुवातीला जून २०२३ मधली सकाळी १० ची वेळ घेतली असं समजा. तेव्हाच्या नियमांप्रमाणे उन्हाळ्यातला ऑफसेट उणे पाच, म्हणून कोडने १५:०० यूटीसी साठवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळी वेळ बंद केली. आता जूनमध्ये ऑफसेट उणे सहा, म्हणून तेच १५:०० यूटीसी स्क्रीनवर सकाळी ९ दिसतं. माणसाने १० ची वेळ घेतली होती, १० चीच त्याच्या लक्षात आहे, आणि समोरचाही १० वाजताच दार उघडणार आहे. चुकीचं आहे ते फक्त आपलं सॉफ्टवेअर.

भविष्यातल्या भेटीत माणसाने वचन दिलेलं असतं ते भिंतीवरच्या घड्याळातल्या वेळेचं. म्हणून स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं नाव हीच मूळ नोंद माना. शोधायला आणि क्रम लावायला यूटीसीचा तिसरा कॉलम खुशाल ठेवा, पण तो मोजून काढलेला आहे हे विसरू नका. झोनचे नियम बदलले की तो पुन्हा मोजावा लागतो (प्रश्न १३ पाहा).

४. वापरकर्त्याचा वाढदिवस एक दिवस आधीचा दिसतो. आमच्या मशीनवर मात्र सगळं ठीक आहे. असं का?

कारण वाढदिवस हा क्षण नाही आणि तुम्ही त्याला क्षण करून टाकलं आहे.

हा बग मी स्वतः एकदा दोन दिवस शोधत बसलो होतो, म्हणून पायरीपायरीने सांगतो. फॉर्ममधून "१९९०-०३-१४" अशी तारीख आली. जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला वेळेशिवाय नुसती तारीख दिली तर तो ती यूटीसीची मध्यरात्र मानतो. तारखेला वेळ जोडून झोन दिला नाही, तर मात्र तो ती स्थानिक वेळ मानतो. ही विसंगती भाषेच्या नियमातच आहे. न्यूयॉर्कमध्ये ती यूटीसीची मध्यरात्र म्हणजे १३ मार्चची संध्याकाळ, सात वाजताची. पानावर १३ मार्च दिसली. वापरकर्त्याने फोन नंबर बदलायला प्रोफाइल उघडलं आणि जतन केलं, तेव्हा फॉर्मने १३ तारीख परत पाठवली. पुढच्या वेळी १२ दिसली. दर जतनेला तारीख एकेक दिवस मागे सरकत होती. आम्ही सगळे यूटीसीच्या पूर्वेला बसलो होतो, त्यामुळे आमच्या कुणाच्याही मशीनवर ती कधीच हलली नाही.

पूर्वेकडच्यांनी निर्धास्त राहू नये, याची उलट बाजूही आहे. +५:३० वर स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट तयार केला, त्याची यूटीसी स्ट्रिंग काढली आणि पहिली दहा अक्षरं कापली, की आदल्या दिवसाची तारीख हाती येते.

उपाय एकच: जन्मतारीख, सुट्टीचा दिवस, बिलाची तारीख यांसाठी फक्त तारखेचा प्रकार वापरा. जावात लोकलडेट, पायथनमध्ये डेट, डेटाबेसमध्ये डेट कॉलम. त्या तारखेला वेळ आणि झोन जोडूच नका.

५. डेटाबेसमध्ये कोणता कॉलम निवडू? एपीआयमध्ये वेळ कशी पाठवू?

पोस्टग्रेसमधल्या "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन" या नावाने पुष्कळांची फसगत होते. त्यात झोन साठवला जात नाही. दिलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवली जाते आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये दाखवली जाते. क्षणांसाठी हाच कॉलम योग्य, पण झोनचं नाव हवं असेल तर वेगळा टेक्स्ट कॉलम लागेल. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प असंच रूपांतर करतो आणि त्याची मर्यादा जानेवारी २०३८ मध्ये संपते. डेटटाइम कोणतंच रूपांतर करत नाही, दिलं तेच ठेवतो.

एपीआयमध्ये क्षण पाठवायचा तर आरएफसी ३३३९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) च्या रूपात, ऑफसेट किंवा शेवटचा "झेड" (म्हणजे यूटीसी) लावून पाठवा. झोनही सोबत न्यायचा असेल तर २०२४ च्या आरएफसी ९५५७ मध्ये चौकटी कंसात झोनचं नाव जोडायची सोय आहे. मी स्वतः बहुतेकदा झोनसाठी वेगळं फील्ड ठेवतो, कारण सगळ्या लायब्रऱ्यांना तो कंस अजून वाचता येत नाही.

६. वापरकर्त्याने दिलेली वेळ अस्तित्वातच नाही, असं लायब्ररी म्हणते. हे कसं शक्य आहे?

उन्हाळी वेळ सुरू होते तेव्हा घड्याळ उडी मारतं. न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ रोजी पहाटे २ वाजताच ३ वाजले. त्या दिवशी २:३० ही वेळ तिथे आलीच नाही. उलट २ नोव्हेंबर २०२५ रोजी १:३० दोनदा वाजले, एकदा उणे चारच्या ऑफसेटने आणि तासाभराने पुन्हा उणे पाचच्या ऑफसेटने.

प्रत्येक लायब्ररीचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. जावाचा झोन्डडेटटाइम न आलेली वेळ उडीइतकी पुढे ढकलतो, म्हणजे २:३० चे ३:३० करतो. दोनदा आलेल्या वेळेतली तो पहिली निवडतो. पायथनमध्ये ३.६ पासून "फोल्ड" नावाचा गुणधर्म आहे: शून्य म्हणजे पहिली, एक म्हणजे दुसरी. पैशांचा किंवा औषधाच्या मात्रेचा प्रश्न असेल तर लायब्ररीच्या निवडीवर सोडू नका, वापरकर्त्यालाच विचारा. आणि दोनदा आलेली वेळ साठवताना तिच्यासोबत ऑफसेटही ठेवा, नाहीतर ती दोनांपैकी कोणती होती हे नंतर कधीच कळणार नाही.

७. एक दिवस मिळवणं आणि २४ तास मिळवणं एकच ना?

नाही. प्रश्न ६ मधला ९ मार्चचा दिवस न्यूयॉर्कमध्ये २३ तासांचा होता आणि २ नोव्हेंबरचा २५ तासांचा. "उद्या याच वेळी" हवं असेल तर कॅलेंडरचा एक दिवस मिळवा. "२४ तासांनी पुढची मात्रा" असेल तर क्षणात २४ तास मिळवा. मागणी लिहिणाऱ्याला हे दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून प्रोग्रामरनेच विचारून घ्यायला हवं.

पायथन वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: दोन्ही वेळा एकाच झोनच्या असतील तर वजाबाकी घड्याळाच्या आकड्यांची होते. न्यूयॉर्कची ९ मार्चची १:०० आणि ३:०० वजा केली तर उत्तर दोन तास येतं, खरं अंतर एकच तास असूनही. आधी दोन्ही यूटीसीत न्या, मग वजा करा.

महिन्यांची बेरीज तर कॅलेंडरच्या मर्जीवर असते. ३१ जानेवारीत एक महिना आणि मग पुन्हा एक महिना मिळवला, तर साध्या वर्षी बहुतेक लायब्रऱ्या २८ मार्च देतात. एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. म्हणून हप्त्यांच्या तारखा नेहमी मूळ तारखेपासून मोजा, आधीच्या हप्त्यापासून नको.

८. "आजच्या नोंदी" कशा काढायच्या?

आधी ठरवा, आज कुणाचा? वापरकर्त्याचा, कंपनीच्या हिशेबाचा की सर्व्हरचा? उत्तर जवळजवळ कधीच "सर्व्हरचा" नसतं.

मग त्या झोनमध्ये दिवसाची सुरुवात आणि पुढच्या दिवसाची सुरुवात काढा, दोन्ही यूटीसीत न्या आणि सुरुवात धरून, शेवट वगळून शोधा. २३:५९:५९ लिहू नका, शेवटच्या सेकंदाचे अपूर्णांक निसटतात. दिवसाची सुरुवात ००:०० ला होते असंही लिहू नका. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ मध्यरात्रीच सुरू व्हायची. साओ पाउलोत ४ नोव्हेंबर २०१८ हा दिवस १:०० वाजता सुरू झाला. "दिवसाची सुरुवात" देणारं लायब्ररीचं फंक्शन वापरलं की हे आपोआप सांभाळलं जातं.

सामोआने तर ३० डिसेंबर २०११ हा अख्खा दिवसच गाळला. आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना तिथे २९ नंतर थेट ३१ उजाडली.

९. पायथनमध्ये "एशिया/कोलकाता" दिला तर ऑफसेट पाच तास त्रेपन्न मिनिटं येतो. डेटाबेस बिघडला आहे का?

डेटाबेस ठीक आहे, तुम्ही पायटीझेड ही पायथनची जुनी झोन लायब्ररी चुकीच्या पद्धतीने वापरत आहात. त्याचा झोन ऑब्जेक्ट थेट "टीझेडइन्फो" म्हणून दिला की तो त्या झोनची सगळ्यात जुनी नोंद धरतो, म्हणजे प्रमाणवेळ येण्यापूर्वीची सूर्यावरून ठरवलेली स्थानिक वेळ. पायटीझेडमध्ये "लोकलाइझ" वापरावं लागतं. त्याहून चांगलं म्हणजे पायथन ३.९ पासून सोबत येणारं झोनइन्फो वापरा. त्यात ही अडचण मुळातच नाही.

आत्ताची यूटीसी वेळ घ्यायला पायथनचं "यूटीसीनाऊ" वापरत असाल तर तेही सोडा. ते झोन नसलेली वेळ देतं आणि पुढचा कोड तिला स्थानिक समजतो. पायथन ३.१२ पासून ते कालबाह्य ठरवलं आहे.

१०. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातली दर आठवड्याची मीटिंग मार्चमध्ये काही आठवडे एक तास सरकते. बग आहे?

बग नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने घड्याळ ९ मार्चला बदललं आणि ब्रिटनने ३० मार्चला. मधले तीन आठवडे अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. दोघांपैकी एकाच्या घड्याळात मीटिंग हलणारच. कुणाच्या, हा निर्णय माणसांचा असतो आणि तो "या मीटिंगचा झोन" म्हणून नोंदीत लिहून ठेवायला हवा.

बग होतो तो आवर्ती मीटिंग यूटीसीत साठवल्यावर. मग ती दोघांच्याही घड्याळात सरकते आणि कुणालाच कारण सापडत नाही. स्थानिक वेळ, झोन आणि आवर्तनाचा नियम साठवा. प्रत्येक वेळचा क्षण त्यावरून मोजा.

११. कॅलेंडरच्या आयसीएस फाइलमध्ये दिवसभराचा कार्यक्रम एक दिवस कमी किंवा जास्त दिसतो.

आयसीएस फाइलचं मानक असलेल्या आरएफसी ५५४५ प्रमाणे शेवटची तारीख कार्यक्रमात धरली जात नाही. ९ मार्चच्या एका दिवसाच्या कार्यक्रमाचा शेवट १० मार्च लिहायचा. शिवाय दिवसभराचा कार्यक्रम तारखेच्या प्रकारातच लिहा. मध्यरात्र ते मध्यरात्र असं लिहिलंत तर प्रश्न ४ मधली सगळी दुखणी इथेही येतील.

१२. वापरकर्त्याचा झोन कसा ओळखू? आणि ब्राउझर "एशिया/कलकत्ता" का सांगतो?

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या इंटल सुविधेकडून झोनचं नाव मिळतं. ते सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या आणि वापरकर्त्याला बदलता येऊ द्या. "गेटटाइमझोनऑफसेट" वर विसंबू नका. ते फक्त ऑफसेट देतं, तोही उलट्या चिन्हाने: +५:३० साठी उणे ३३० मिनिटं.

"एशिया/कलकत्ता" हे "एशिया/कोलकाता"चंच जुनं नाव, डेटाबेसमध्ये दुवा म्हणून जपलेलं. "युरोप/कीव"चं इंग्रजी स्पेलिंगही २०२२ मध्ये असंच बदललं, जुनंही चालतं. म्हणून दोन झोन सारखे आहेत का हे नावांच्या स्ट्रिंग जुळवून ठरवू नका.

१३. झोनचे नियम एकदा घेतले की झालं ना? अपडेट कशाला?

सरकारं नियम बदलत राहतात, कधीकधी अगदी आयत्या वेळी. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने उन्हाळी वेळ पुढे ढकलल्याचं काही दिवस आधी जाहीर केलं आणि मग तो निर्णयही फिरवला. मधल्या दिवसांत लोकांच्या फोनवरच्या वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. मोरोक्को वर्षभर +१ वर असतो, पण रमजानमध्ये शून्यावर येतो, म्हणजे तिथे घड्याळ बदलायची तारीख चांद्र पंचांगावर ठरते. म्हणून आयानाचा डेटाबेस वर्षातून अनेकदा प्रसिद्ध होतो.

लोक अडकतात ते पुढच्या गोष्टीत: एकाच सिस्टीममध्ये या डेटाबेसच्या अनेक प्रती असतात. ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी, जावाच्या व्हर्च्युअल मशीनची वेगळी, ब्राउझरची वेगळी. सहा महिन्यांपूर्वी बांधलेल्या कंटेनर इमेजमध्ये सहा महिन्यांपूर्वीचे नियम असतात. अगदी लहान इमेजमध्ये तर डेटाबेसच नसतो. अपडेटची जबाबदारी कुणाची हे टीममध्ये ठरवून ठेवा, आणि अपडेटनंतर प्रश्न ३ मधला यूटीसीचा कॉलम पुन्हा मोजा.

१४. रात्री २:३० चं क्रॉनचं काम एका दिवशी चाललंच नाही.

प्रश्न ६ वाचा. ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या गाळलेला तास वेगवेगळ्या पद्धतीने हाताळतात. वेळापत्रक यूटीसीवर ठेवा आणि काम दोनदा चाललं तरी नुकसान होणार नाही असं लिहा.

१५. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत तारखेत पुढचं वर्ष छापलं जातं. हा झोनचा प्रश्न आहे का?

नाही, फॉरमॅटचा आहे. जावाच्या पॅटर्नमध्ये छोट्या लिपीतला "वाय" म्हणजे वर्ष, मोठ्या लिपीतला "वाय" म्हणजे आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष. २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, म्हणून तिथे २०२६ छापलं जातं. वर्षातले काही मोजकेच दिवस दिसणारा हा बग टेस्टमध्ये जवळजवळ कधीच सापडत नाही.

१६. २०३८ आणि लीप सेकंद यांची काळजी करायला हवी का?

२०३८ ची हो. युनिक्स वेळ (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद) ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ठेवली असेल तर ती १९ जानेवारी २०३८ रोजी ०३:१४:०७ यूटीसीला संपते. तीस वर्षांच्या कर्जाची अखेरची तारीख ही सीमा आजच ओलांडते.

लीप सेकंदांची (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला मधूनच जोडलेल्या सेकंदांची), बहुतेकांना नाही. १९७२ पासून २७ लीप सेकंद आले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. युनिक्स वेळ ते मोजत नाही. २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ मध्ये ठरलं आहे.

१७. हे सगळं टेस्ट कसं करू?

कोडने "आत्ता किती वाजले" हे थेट सिस्टीमला विचारू नये. घड्याळ बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये हवा तो क्षण धरता येतो. मग प्रत्येक टेस्ट किमान तीन झोनमध्ये चालवा: यूटीसीच्या पश्चिमेचा एक, पूर्वेचा एक आणि अर्ध्या किंवा पाऊण तासाचा एक. मी न्यूयॉर्क, अपिया आणि काठमांडू घेतो. तारखा घ्यायच्या तर ९ मार्च आणि २ नोव्हेंबर २०२५, २९ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबर. बिल्ड सर्व्हर यूटीसीवर असेल तर तिथे हिरव्या दिसणाऱ्या टेस्टवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण यूटीसीत घड्याळ कधी उडी मारत नाही आणि स्थानिक वेळ व यूटीसी यांची अदलाबदल झालेली कुणाच्या लक्षातही येत नाही.